फॅटी लिव्हर आणि हर्बल गोळ्या: घ्यायच्या का, जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ४३, वजन ८८ किलो, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, एसजीपीटी ८२, एसजीओटी ५१ (ही दोन्ही लिव्हरची एन्झाइम), प्लेटलेट २ लाख १० हजार, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.३, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू केलंय आणि वजन उतरवा म्हणालेत. पण तुमच्या मनात आहे की आधी सहा महिने 'लिव्हर सपोर्ट' लिहिलेल्या हर्बल कॅप्सूल घेऊन बघू आणि तोवर स्टॅटिन बंद ठेवू, लिव्हर आधीच बिघडलंय त्यात अजून केमिकलचा भार कशाला. लेबलवर मिल्क थिसल, हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, बर्बेरीन, आर्टिचोक आणि डँडेलियन असा सगळा गोतावळा आहे.

मी लिव्हरचेच पेशंट बघते आणि हा प्रश्न ओपीडीत कुणी ना कुणी विचारतंच, त्यामुळे त्यात वेड्यासारखं काही नाही. उत्तर आधी देऊन टाकते, कारणं मागून. स्टॅटिन बंद करू नका. ती सात वस्तूंची डबी घेऊ नका. नुसतं मिल्क थिसल घ्यायचंच असा हट्ट असेल तर त्याला माझा जोरदार विरोध नाही, पण ते कसं घ्यायचं आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे खाली लिहिलंय ते वाचून मग ठरवा.

पहिली गोष्ट, तुमच्या रिपोर्टमधला 'ग्रेड २' हा शब्द बघून लोक जेवढे घाबरतात तेवढा तो महत्त्वाचा नाही. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतंय याचा अंदाज, एकाच पेशंटला एका सेंटरवर ग्रेड १ आणि दुसरीकडे ग्रेड २ सांगितलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. चरबी किती आहे यापेक्षा त्या चरबीमुळे लिव्हरमध्ये सूज येऊन फायब्रोसिस, म्हणजे आतून व्रण पडून कडकपणा, सुरू झालाय का हे बघायचं असतं, कारण पुढे सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी पार आक्रसून जाणं, होणार की नाही ते त्यावर ठरतं. आणि हे एसजीपीटीवरून कळत नाही हो! एसजीपीटी नॉर्मल आणि फायब्रोसिस बऱ्यापैकी पुढे गेलेला असे पेशंट असतात, उलट एसजीपीटी शंभरच्या वर पण लिव्हर मऊ असेही असतात.

यासाठी एक फुकटातलं गणित आहे, फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचे आकडे टाकले तर ४३ गुणिले ५१ म्हणजे २१९३, खाली २१० गुणिले साधारण ९.०६, उत्तर येतं १.१५ च्या आसपास. १.३ च्या खाली असेल तर पुढचा फायब्रोसिस असण्याची शक्यता बरीच कमी, २.६७ च्या वर असेल तर काळजीचं, मधले लोक फायब्रोस्कॅनला (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी) पाठवायचे. (वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात.) तर तुम्ही आत्ता सुरक्षित बाजूला आहात, थोडक्यात का होईना. शुगर प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात आहे म्हणून मी तुमचा एकदा फायब्रोस्कॅन करून ठेवला असता, निदान पुढे तुलना करायला एक आकडा हातात राहतो. दारूचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, ते खरं खरं डॉक्टरांना सांगा, कारण पुरुषांत आठवड्याला २१० ग्रॅम आणि बायकांत १४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल जात असेल तर आजाराचं नावच बदलतं आणि मग कुठलीच गोळी पुरी पडत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी झाली नसेल तर तीही, फॅटी लिव्हर दिसलं म्हणून बाकी काही नसेलच असं नसतं.

आता गोळ्यांकडे. लोक मला सांगतात, डॉक्टर मी तीन महिने अमुक घेतलं आणि माझं एसजीपीटी ९० वरून ५० वर आलं. ते खोटं बोलत नसतात, आकडा खरंच उतरलेला असतो. पण गोळी सुरू करणारा माणूस त्याच दिवशी गोड पेयं कमी करतो, दारूला जरा लांब ठेवतो, चालायला लागतो, दोन तीन किलो उतरतात, आणि एसजीपीटी इतकं झटपट या गोष्टींना दाद देतं की श्रेय कोणाला द्यायचं कळतच नाही. शिवाय हा आकडा आपला आपणही वरखाली होत असतो आणि माणूस औषध शोधायला लागतो तो नेमका आकडा वर असताना, मग पुढचा रिपोर्ट बरा येण्याचीच शक्यता जास्त. २०१० साली आलेली पिव्हेन्स नावाची मोठी ट्रायल आहे, २४७ पेशंट, ९६ आठवडे, आधी आणि नंतर बायोप्सी (सुईने लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं). त्यात ज्यांना काहीच औषध नसलेली डमी गोळी दिली होती त्यांच्यापैकीही १९ टक्के लोकांचं लिव्हर बायोप्सीत सुधारलेलं दिसलं. बायोप्सीत! नुसत्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये नाही. म्हणून कुणाला अमक्याने फरक पडला हे ऐकून मी तरी काही ठरवत नाही, डमी गोळीच्या शेजारी ठेवून तपासलंय का तेवढं विचारते.

त्या कसोटीवर मिल्क थिसल कुठे बसतं बघू. त्याच्या बियांमधून सिलिमारिन नावाचं मिश्रण काढतात, त्यातला मुख्य भाग सिलिबिनिन. याला अगदीच फालतू म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. युरोपात 'डेथ कॅप' या जातीचा विषारी मश्रूम खाल्लेल्या पेशंटना सिलिबिनिन शिरेतून देतात, कारण ते त्या विषाला लिव्हरच्या पेशींमध्ये शिरायला आडकाठी करतं. पण शिरेतून दिलेलं औषध वेगळं आणि तोंडाने घेतलेली कॅप्सूल वेगळी, सिलिमारिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि आतड्यातून कमीच शोषलं जातं, म्हणून तर कंपन्या ते फॉस्फोलिपिडबरोबर जोडून विकतात. हिपॅटायटिस सी च्या १५४ पेशंटवर २०१२ साली ट्रायल झाली, दिवसातून तीनदा ४२० किंवा ७०० मिलिग्रॅम, २४ आठवडे, आणि एसजीपीटीत डमी गोळीपेक्षा काही वेगळं घडलं नाही.

फॅटी लिव्हरवरचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा अभ्यास मलेशियातला, २०१७ चा. सूज असलेले ९९ पेशंट, ७०० मिलिग्रॅम तीनदा, ४८ आठवडे, दोन्ही टोकांना बायोप्सी. मुख्य प्रश्न होता की आजाराचा स्कोअर ३० टक्क्यांनी उतरतो का, तर सिलिमारिनवाल्यांत ३२.७ टक्के आणि डमीवाल्यांत २६ टक्के लोकांचा उतरला, हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका छोटा. म्हणजे ज्यासाठी अभ्यास केला त्यात नापास. पण फायब्रोसिस मात्र २२.४ टक्के विरुद्ध ६ टक्के असा जास्त लोकांत कमी झालेला दिसला. आता विकणारे फक्त हे दुसरं वाक्य सांगतात आणि टीका करणारे फक्त पहिलं. मी दोन्ही सांगते, दुय्यम निष्कर्ष छोट्या अभ्यासात चांगला आला तर तो पुन्हा मोठ्या अभ्यासात तपासायचा असतो, आणि २०१९ साली आलेल्या अमेरिकेतल्या तशाच ट्रायलमध्ये ठोस फायदा काही सिद्ध झाला नाही. अजून एक, त्या मलेशियातल्या लोकांनी दिवसाला २१०० मिलिग्रॅम घेतलं होतं आणि दुकानातली कॅप्सूल बहुतेक १४० मिलिग्रॅमची असते, दिवसाला तीन घेतल्या तरी ४२०, म्हणजे पाचवा हिस्सा. तुमच्या सात वस्तूंच्या कॅप्सूलमध्ये तर त्याहून कमी भरलेलं असेल कारण जागाच कुठे आहे.

मिल्क थिसलच्या बाजूने बोलायचं तर त्याच्यामुळे लिव्हर बिघडल्याचं जवळपास ऐकू येत नाही. पोट जरा ढिलं होणं, कुणाला ॲलर्जी (शेवंती झेंडूच्या कुळातलं झाड आहे, त्या फुलांचा त्रास असणाऱ्यांनी जपावं), शुगर किंचित कमी होणं, एवढंच. त्यामुळे माझं मत असं की फायदा कमकुवत, धोका कमी, पैसे तुमचे.

खरी अडचण डबीतल्या बाकीच्यांची आहे. हळद म्हटलं की सगळे निर्धास्त होतात, आणि जेवणातल्या हळदीबद्दल मलाही काही म्हणायचं नाही. पण कॅप्सूलमध्ये असतो तो करक्यूमिनचा दाट अर्क आणि त्याला जोडीला मिरीतलं पायपरीन. करक्यूमिन एरवी शरीरात फारसं शिरतच नाही, १९९८ साली छापून आलेल्या छोट्या प्रयोगात २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं होतं, तेव्हापासून हा जोडीचा फॉर्म्युला सगळीकडे. आता विचार करा, जी वस्तू पोटातून आत येत नव्हती म्हणून निरुपद्रवी होती ती वीसपट आत येतेय, तर तिचा निरुपद्रवीपणा तसाच राहील का? इटलीत २०१९ मध्ये करक्यूमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हिपॅटायटिसच्या एकामागोमाग केसेस आल्या आणि नंतर २०२२ साली तिथल्या सरकारने लेबलवर इशारा छापायला लावला, ज्यांना लिव्हर किंवा पित्ताचे त्रास आहेत त्यांनी घेऊ नये म्हणून. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणारं डिलिन नावाचं नेटवर्क आहे, त्यांनी हळदीमुळे झालेल्या १० केसेस मांडल्या, पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक जण लिव्हर फेल होऊन गेला. दहा म्हणजे काही साथ नव्हे, लाखो लोक घेतात, हे मान्य. पण गंमत अशी की त्या दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ नावाचा एकच जनुकीय प्रकार सापडला. आणि ग्रीन टीच्या अर्काने लिव्हर सुजलेल्या लोकांतही नेमका हाच प्रकार जास्त सापडतो, वजन उतरवायच्या गार्सिनियाच्या गोळ्यांतही तोच. म्हणजे काही माणसांचं शरीर या अर्कांना परका शत्रू समजून स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडतं. तुम्ही त्यातले आहात का हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, ही टेस्ट सरसकट कोणी करत नाही. आणि तुमच्या एकाच कॅप्सूलमध्ये हळद आणि ग्रीन टी दोन्ही आहेत.

ग्रीन टीच्या अर्काचं अजून एक, त्यात ईजीसीजी नावाचं द्रव्य असतं. २०१८ साली युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळी माहिती तपासून सांगितलं की गोळ्यांमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं की लिव्हरची एन्झाइम चढायला लागतात. कपभर ग्रीन टी पिणं हा वेगळा विषय, तो प्या खुशाल. उपाशीपोटी घेतलेला अर्क जास्त शोषला जातो आणि बरेच लोक वजन उतरावं म्हणून नेमका उपाशीपोटीच घेतात.

बर्बेरीनबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. शुगर आणि कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम खरा आहे, आणि त्याचं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडशी जोडलेलं एक औषध फॅटी लिव्हर आणि डायबेटिस दोन्ही असलेल्या १०० लोकांवर तपासलं तेव्हा लिव्हरमधली चरबी उतरलेली दिसली. पण ते ट्रायलमधलं मोजून मापून बनवलेलं औषध होतं. बाजारातलं बर्बेरीन दुसऱ्या औषधांना मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं, अवयव बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं, शुगरच्या गोळ्यांबरोबर शुगर जास्त पाडू शकतं, आणि गरोदरपणात तर अजिबात नको, बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जायची भीती असते. आर्टिचोक आणि डँडेलियनवर फार वेळ घालवत नाही, पहिल्याचे छोटे छोटे अभ्यास आहेत, दुसऱ्याचे माणसांवर नावापुरतेही नाहीत. पित्ताशयात खडे असतील तर दोन्ही टाळा.

कुणीतरी तुम्हाला भुईआवळा, कुटकी, गुळवेल, अश्वगंधा यांबद्दलही सांगेलच म्हणून तेही लिहून टाकते. भुईआवळ्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९८८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला, हिपॅटायटिस बी च्या ३७ पैकी २२ लोकांचा व्हायरस ३० दिवसांच्या पावडरीने दिसेनासा झाला, डमीवाल्यांत २३ पैकी एकाचाच. लेखकांत नोबेल मिळालेले ब्लमबर्ग, म्हणजे ज्यांनी हा व्हायरस शोधला तेच. जगभर खळबळ. नंतर ठिकठिकाणी पुन्हा करून बघितलं तर तो निकाल काही परत आला नाही. आणि हे सगळं व्हायरसबद्दल होतं, चरबीबद्दल नाहीच, तरी 'लिव्हरचं औषध' ही ख्याती मात्र अजून टिकून आहे. कुटकीवर प्राण्यांतले अभ्यास बरे आहेत, माणसांवरचे फार थोडे. गुळवेलीच्या बाबतीत कोविडच्या काळात रोज काढा पिणाऱ्यांत ऑटोइम्यून पद्धतीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून येणारी, लिव्हरची सूज दिसली, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद छापली, पुढे अनेक सेंटर मिळून ४३ पेशंटची आली. यावर वाद झाले, चुकीचीच वेल वापरली गेली असंही म्हटलं गेलं, पण ज्यांना थायरॉइड, सांधे किंवा त्वचेचा ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी तरी गुळवेलीपासून लांब राहावं असं मी स्पष्ट सांगते. अश्वगंधेमुळे खाजेसकट लांबलेली कावीळ झाल्याच्या केसेस आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० साली आल्या, नंतर इतर ठिकाणांहूनही.

आणि हे सगळं लेबल खरं आहे असं धरून! त्याच डिलिन नेटवर्कने पेशंटनी घेतलेली २७२ प्रॉडक्ट्स लॅबमध्ये तपासली तर निम्म्याहून जास्त, ५१ टक्के, डब्यांतला माल आणि लेबल जुळत नव्हतं. २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांत जवळपास २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि त्यात अमेरिकेत बनवलेलीही होती. याचा अर्थ सगळे उत्पादक चोर असा मी काढत नाही, पण औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे सिद्ध करावं लागतं, सप्लिमेंटला बऱ्याच देशांत विक्रीआधी ते करावंच लागत नाही, एवढाच मुद्दा. 'नैसर्गिक' शब्दावर भिस्त ठेवणाऱ्यांना मी तो डेथ कॅप मश्रूम आठवून देते, तोही पूर्ण नैसर्गिक आहे.

आता स्टॅटिन. मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य हेच. फॅटी लिव्हरच्या पेशंटचा जीव बहुतेक वेळा लिव्हरमुळे जात नाही, हृदयामुळे जातो. आणि स्टॅटिनने लिव्हर खराब होतं ही भीती फॅटी लिव्हरमध्ये उलटी ठरलीय. ग्रीसमधल्या एका मोठ्या अभ्यासाचं विश्लेषण २०१० साली लॅन्सेटमध्ये आलं, त्यात सुरुवातीलाच लिव्हरचे रिपोर्ट थोडे वाढलेले ४३७ लोक होते, ज्यांना स्टॅटिन मिळालं त्यांच्यात हार्टचे प्रसंग १० टक्के, ज्यांना नाही मिळालं त्यांच्यात ३० टक्के, वर स्टॅटिनवाल्यांचे लिव्हरचे आकडेही सुधारले. तुमचं एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट आहे, स्टॅटिन थांबवायचा विचार तिपटीच्या पुढे गेल्यावर आणि तोही डॉक्टरांनी करायचा. जाता जाता, स्टॅटिन नको म्हणून 'रेड यीस्ट राइस' घेणारे लोक मला भेटतात, त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रसायन म्हणून बघितलं तर लोव्हास्टॅटिनच, फक्त डोस माहीत नसलेलं.

मग एवढं वाचूनही मिल्क थिसल घ्यायचंच असेल तर असं करा. एकच वस्तू असलेली गोळी घ्या, सिलिमारिनचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं आणि बाहेरच्या लॅबने तपासल्याचा शिक्का असलेली. सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन हे सगळं करून ठेवा, मग चार ते सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. त्याच महिन्यात दुसरं काही नवीन सुरू करू नका, ना प्रोटीन पावडर ना केसांची गोळी, नाहीतर काही बिघडलं तर चोर कोण ते सापडत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांत वजन न हलता आणि दुसरं काही न बदलता आकडा उतरला तर चालू ठेवायचं की नाही यावर बोलता येईल, नाहीतर बंद करा, सहा सहा महिने आशेवर ओढू नका. आणि सिरॉसिस असेल, गरोदर असाल, मूल स्तनपान घेत असेल किंवा अवयव बदललेला असेल तर कुठलीच हर्बल गोळी स्वतःच्या मनाने नाही म्हणजे नाही.

ज्याने खरंच फरक पडतो ते तुम्हाला आधीच सांगितलं गेलंय म्हणून ते बेचव वाटतं, मला कल्पना आहे. तरी आकडे बघा. क्युबात २९३ पेशंटना वर्षभर आहार आणि व्यायामावर ठेवून २०१५ साली बायोप्सीचे निकाल छापले, ज्यांचं १० टक्के किंवा जास्त वजन उतरलं त्यांच्यात ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला. मिल्क थिसलच्या कुठल्याही ट्रायलने असं काही दाखवलेलं नाही. फक्त हेही सांगायला हवं की १० टक्क्यांपर्यंत पोचले ते साधारण दहातले एकच जण, म्हणजे हे सोपं आहे असं म्हणणारा डॉक्टर खोटं बोलतोय. पण ५ टक्क्यांतही लिव्हरमधली चरबी कमी होते. तुमच्यासाठी ५ टक्के म्हणजे साडेचार किलोच्या आत, ७ टक्के म्हणजे साधारण सहा, १० टक्के म्हणजे पावणेनऊ. सहा महिन्यांत सहा किलो हे माणसाला जमण्यासारखं आहे. घाईघाईत उपास करून आठवड्याला दीड किलोच्या वर उतरवू नका, पित्ताशयात खडे होतात. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा सायकल, त्यात दोन दिवस वजनं उचलायचा व्यायाम घातला तर अजून चांगलं, वजन नाही हललं तरी लिव्हरमधली चरबी व्यायामाने थोडी उतरतेच. साखर घातलेली पेयं, पॅकबंद ज्यूससुद्धा, पूर्ण बंद, यातलं फ्रुक्टोज लिव्हर थेट चरबीत बदलतं. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर दिवसाला दोन तीन कप प्या, कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसतो, हे निरीक्षण आहे, पुरावा म्हणावा इतकं पक्कं नाही, पण त्या डबीपेक्षा मला ते बरं वाटतं. सिगरेट असेल तर सोडा.

गोळीच हवी असेल तर ज्यांची नीट ट्रायल झाली अशाही आहेत. त्याच पिव्हेन्समध्ये व्हिटॅमिन ई ८०० युनिट रोज घेणाऱ्या ४३ टक्के लोकांची बायोप्सी सुधारली, पण ते डायबेटिस नसलेल्या आणि बायोप्सीत सूज दिसलेल्या लोकांसाठी, आणि दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला होता, म्हणून तेही दुकानातून आणून सुरू करायचं व्हिटॅमिन नाही. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या आजारासाठी मंजूर झालं, दोन्ही मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी पण सिरॉसिसच्या अलीकडे. तुमचा फिब-४ बघता आज तुम्हाला त्यांची गरज दिसत नाही. फिब-४ दर वर्ष दोन वर्षांनी पुन्हा काढत राहा.

कॅप्सूल तुम्ही आधीच सुरू केल्या असतील आणि मला सांगायला संकोच वाटत असेल तर एवढंच करा. आज थांबवा, या आठवड्यात लिव्हरची टेस्ट करा. लघवी गडद चहासारखी होणं, डोळे पिवळे, अंगभर खाज, भूक मरणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही असेल तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जा, कारण एसजीपीटी तिपटीच्या वर आणि त्याबरोबर बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं की अशा केसमध्ये साधारण दहातल्या एकाच्या जिवावर बेततं किंवा त्याला लिव्हर बदलावं लागतं. इजा बहुतेक पहिल्या एक ते तीन महिन्यांत दिसते पण सहा महिन्यांनी आलेलेही पेशंट आहेत, त्यामुळे आत्तापर्यंत काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं धरू नका. एकदा त्रास होऊन बरं वाटल्यावर तीच गोळी परत घेऊन बघायची नाही, दुसऱ्या वेळी लिव्हर लवकर आणि जास्त जोरात बिघडतं. डबी फेकू नका, उरलेल्या कॅप्सूलसकट बरोबर न्या, बॅच नंबर दिसेल असा लेबलचा फोटो काढून ठेवा, आणि डॉक्टरांनी 'कोणती औषधं घेता' विचारलं की स्टॅटिनच्या बरोबरीने हिचंही नाव सांगा.